सकाळीच हातातून ब्रश का उडतो?

प्रश्न: माझी मुलगी १५ वर्षांची, दहावीत आहे. तीन-चार महिन्यांपासून सकाळी उठल्यावर तिचे हात एकदम उडतात. दात घासताना ब्रश पडतो, एकदा तर चहाचा कप भिंतीवर गेला. शुद्ध जात नाही आणि तासाभरात सगळं थांबतं. रात्री जागून अभ्यास केला की दुसऱ्या दिवशी जास्त होतं. घरात सगळे तिला धांदरट म्हणतात. डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून कॅल्शियम दिलं. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढला, तो नॉर्मल आला. ही आकडी असू शकते का?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर: असू शकते. वय, सकाळची वेळ आणि जागरण हे तिन्ही जुळून आलं की आधी ‘जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी’चा, म्हणजे जेएमई या किशोरवयातल्या आकडीच्या आजाराचा विचार करावा लागतो. ही बहुधा १२ ते १८ या वयात सुरू होते. यातल्या झटक्यांत मूल शुद्धीवर असतं, म्हणूनच ते धांदरटपणावर खपून जातं. मग परीक्षेचं किंवा लग्नघरातलं जागरण होतं, दुसऱ्या सकाळी अंगभर मोठी आकडी येते आणि तेव्हा कुठे घरच्यांना आधीचे कप आठवतात. झोप लागता लागता बसणारा दचका वेगळा. तो कुणालाही बसतो.

नॉर्मल ईईजीने आकडी नाही असं ठरत नाही. तो दुपारी, पुरेशी झोप झालेली असताना काढला असेल तर जेएमई सहज निसटते. पुन्हा काढताना सकाळची वेळ मागा आणि आदल्या रात्री किती झोपू द्यायचं ते केंद्रात विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी चारेक तासच सांगतात. तपासणीत जागेपण, झोप आणि उठल्यानंतरचा थोडा वेळ, तिन्ही नोंदलं गेलं पाहिजे. लुकलुकणारा दिवा आणि जोरजोरात श्वास घ्यायला लावणं हेही. केस आदल्या दिवशी धुवा, तेल लावू नका, उपाशी नेऊ नका. जागरण झालेलं असल्याने जाताना सोबत मोठं माणूस हवंच. जेएमईत एमआरआय सहसा नॉर्मल असतो. कॅल्शियम खरंच कमी असेल तर ते रक्तात दिसतं, अंदाजाने गोळ्या देण्यात अर्थ नाही.

ईईजीइतकाच उपयोगी पडेल तुमचा मोबाइल. बेसिनजवळ असा ठेवा की चेहरा आणि दोन्ही हात दिसतील, आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत रोज सकाळी चित्रीकरण करा. वहीत झोपण्याची व उठण्याची वेळ, झटके आणि पाळीच्या तारखा लिहा. बोलता बोलता ती काही सेकंद हरवते का, झाडांमधून चमकणाऱ्या उन्हात झटके वाढतात का, हेही पाहा. हे सगळं घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा.

औषधाच्या बाबतीत एक गोष्ट जरूर विचारा. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि फेनिटॉइन ही आकडीची नेहमीची औषधं, पण जेएमईत त्यांनी झटके वाढू शकतात. ‘गोळी सुरू केली आणि जास्तच झालं’ यामागे पुष्कळदा हेच असतं. व्हॅलप्रोएट फार परिणामकारक आहे, पण पुढे गरोदरपणात गर्भाला त्याचा मोठा धोका असल्याने मुलींना शक्यतो टाळतात. लेव्हेटिरासिटाम दिलं तर चिडचिड किंवा उदासी वाढते का ते पाहा आणि डॉक्टरांना सांगा. सुरू केलेली गोळी मनाने बंद करायची नाही. जेएमईत औषध थांबवल्यावर आकडी परतण्याचं प्रमाण मोठं आहे.

निदान होईपर्यंत पहाटेचा अभ्यास बंद. आठ तास झोप, तीही रोज एकाच वेळी; दहावीचं वर्ष असलं तरी. सकाळी तिच्या हाती उकळता चहा किंवा कढई देऊ नका. न्हाणीघराला आतून कडी नको. एकटीने पोहणं, सायकल आणि स्कूटर सध्या नको.

मोठी आकडी आलीच तर घड्याळ बघा, कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवून काहीही होत नाही, उलट मोलाची मिनिटं जातात. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर १०८ला फोन करा. पहिलीच मोठी आकडी असेल तर ती थांबल्यावरही त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा. शाळेत प्रार्थनेला उभा असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, पांढराफटक पडला आणि कोसळला. हातपाय दहा-एक सेकंद हलले, मग लगेच उठून बोलू लागला. शाळेतून ‘फिट’ म्हणून कळवलं.
— एक वडील, नाशिक

उत्तर: वर्णन साध्या चक्करीचं वाटतं. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडला की बेशुद्धीत हातपाय हलतात, पण ती आकडी नसते. आकडीनंतर मूल बराच वेळ गुंगीत, गोंधळलेलं असतं. तुमचा मुलगा लगेच बोलला. तरी ईईजीच्या आधी ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख काढा. धावताना किंवा पोहताना असं झालं असेल, आधी छातीत धडधडलं असेल, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवेपर्यंत खेळ बंद ठेवा. एरवी सकाळी पोटभर नाश्ता, पुरेसं पाणी, आणि अंधारी येतेय असं वाटताच तिथेच खाली बसायचं, हे त्याला आणि त्याच्या वर्गशिक्षकांनाही सांगून ठेवा.