भरलेला डबा परत येतो तेव्हा
(वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशकांची उत्तरं)

प्रश्न : मुलगी नववीत आहे. वय १४, उंची १५४ सेंटीमीटर, वजन ४८ किलो. सकाळी उपाशीच शाळेत जाते, डबा तसाच परत आणते. संध्याकाळी क्लासहून आली की फरसाण, बिस्किटं, हाताला लागेल ते खाते आणि मग ‘मी जाडी आहे’ म्हणून रडते. तिला वजन कमी करण्यासाठी डाएट चार्ट द्याल का?
— एक आई, सांगली

उत्तर : असा चार्ट आम्ही देणार नाही, कारण तिला वजन कमी करायची गरजच नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये आहाराचे जे निकष दिले, त्यांत १३ ते १५ वर्षांच्या मुलीचं संदर्भ वजनच ४९.६ किलो धरलंय. या वयात कंबरेखाली, मांड्यांवर आणि छातीवर चरबी येते, ती पाळीसाठी आणि पुढच्या वाढीसाठी लागते. दहाव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत मुलीचं वजन पंधरा-वीस किलोंनी वाढणं ही वाढच आहे. मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तक्ता तिला लावू नका. बालरोगतज्ज्ञांकडे भारतीय मुलांसाठीचे वयानुसार तक्ते असतात, त्यावर एकदा दाखवून घ्या म्हणजे तिचीही खात्री पटेल.

खरी अडचण तिच्या दिवसाच्या मांडणीत आहे. सकाळ आणि दुपार उपाशी काढली की शरीर ती तूट संध्याकाळी वसूल करतं. भुकेने कासावीस झालेला माणूस भाजी-पोळीची वाट बघत नाही, डब्यातलं फरसाण उघडतो. मग अपराधी वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. याला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

सुरुवात फक्त सकाळपासून करा. बरेच दिवस न खाणाऱ्या मुलीला पहाटे भरलं ताट बघून मळमळतं. म्हणून पहिला आठवडा अर्धा कप दूध आणि एक राजगिऱ्याचा लाडू, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात मुगाचं घावन, दह्यासोबत थालीपीठ किंवा एक उकडलेलं अंडं. डबा का परत येतो, हे तिला न रागावता विचारा. मधली सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची, रश्श्याची भाजी सांडते, मैत्रिणी खात नाहीत, अशी साधी कारणं निघतात. कोरडी उसळ किंवा पनीर भरून पोळीची गुंडाळी दिली तर उभ्याउभ्याही खाता येते. क्लासला निघण्यापूर्वी मूठभर शेंगदाणे-गूळ आणि एक केळं द्या. फरसाण कुलुपात ठेवू नका, लपवलेल्या खाऊची ओढ वाढतेच. आणि वजनकाटा माळ्यावर टाका.

तिला दिवसाला साधारण २४०० किलोकॅलरी, ४३ ग्रॅम प्रथिनं आणि ३० मिलिग्रॅम लोह लागतं. लोहाकडे नीट लक्ष द्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. अशा मुलीला जिना चढताना दम लागतो, ती खेळ सोडते आणि घरात ‘आळशी’ ठरते. हिमोग्लोबिन तपासून घ्या, १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे जा. जेवणासोबत चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा, लोह जास्त शोषलं जातं.

ही घडी बसायला दोन-तीन महिने लागतात. बहुतेक घरी ती एकाच कारणाने मोडते : आई समोर बसून घास मोजते. तिच्याबरोबर तुम्हीही जेवा, आणि गप्पा मात्र दुसऱ्याच विषयावर करा.

प्रश्न : मी १६ वर्षांची आहे. सेल्फीत माझं नाक आणि चेहरा फार मोठा दिसतो. रात्री एक-दीडपर्यंत रील्स बघते आणि स्वतःचा रागच येतो. पीटीच्या तासालाही जावंसं वाटत नाही.
— अकरावीतील एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी नाकाचं बघू. हातभर अंतरावरून फोटो काढला की कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ नाकच असतं, म्हणून ते मोठं उमटतं. मैत्रिणीला पाच फुटांवरून फोटो काढायला सांग आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ. तुझा चेहरा तोच आहे, अंतर बदललंय.

रील्सचा परिणाम मात्र खरा आहे. कॅनडात १७ ते २५ वयाच्या तरुणांवर एक प्रयोग झाला. त्यांना चिंता किंवा उदासीचा त्रास होता. त्यातल्या निम्म्यांनी तीन आठवडे समाजमाध्यमं दिवसाला सुमारे एका तासावर आणली, आणि स्वतःच्या दिसण्याबद्दल त्यांना आधीपेक्षा बरं वाटू लागलं. तूही तीन आठवडे करून बघ. फोन रात्री दहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि गजरासाठी साधं घड्याळ घे. ज्या खात्यांमुळे पोट आत ओढावंसं वाटतं, ती अनफॉलो कर. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. कमी झोपेत भूक, चिडचिड आणि गोडाची ओढ वाढते, सकाळी आरशात सगळंच वाईट दिसतं.

पीटी टाळण्यामागे कित्येकदा कपड्यांचं कारण असतं आणि मुली ते कुणाला सांगत नाहीत. स्पोर्ट्स ब्रा घेताना छातीखालचा घेर टेपने मोज. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, त्याहून सैल नको. दुकानातच घालून दहा उड्या मार. खांद्याला काचली किंवा पट्टा वर सरकला तर मापाची नाही. पाळीच्या दिवसांत गडद रंगाची ट्रॅकपँट घाल. दिवसाला तासभर हालचाल हवी, मग ती सायकल असो, लेझीम असो वा खो-खो. आरशासमोर कॅलरी जाळणारा व्यायाम नको. जिथे शरीर काय करू शकतं ते कळतं, तो खेळ निवड.

प्रश्न : भाचीची (वय १५) मान काळी पडली आहे. बेसन-लिंबू चोळूनही जात नाही. पाळीही तीन महिने आलेली नाही.
— एक मावशी, पणजी

उत्तर : चोळणं आजच थांबवा. घासल्याने कातडी अधिक काळवंडते. मानेवर, काखेत मखमलीसारखी जाड काळी त्वचा हे बहुधा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचं लक्षण असतं, ती मळ नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं थोडी मागेपुढे होते, पण तीन महिने न येणं म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. पीसीओएस म्हणजे संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) बिघाडाप्रमाणेच अती उपासानेही पाळी थांबते, म्हणून ती काय खाते हे डॉक्टरांना नक्की सांगा. गोरं करणारी क्रीम औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नका. काहींत स्टेरॉइड असतं, त्याने त्वचा पातळ होते आणि मुरुमं येतात.

प्रश्न : नात भेटली की पाहुणे म्हणतात, ‘काय गं, किती सुटलीस!’ त्यांना काय सांगावं?
— एक आजी, पुणे

उत्तर : तिच्यासमोरच सांगा : ‘आमच्याकडे कुणाच्या अंगावरून बोलत नाही.’ मग विषय बदला. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हेही बंद करा, कारण ती उपाशी राहून बारीक झाली असेल तर तुम्ही तिचा उपास वाखाणलात.

आणि एवढं बघत राहा : जेवल्याबरोबर ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते का, उलटीचा वास येतो का, बोटांच्या मागच्या सांध्यांवर ओरखडे आहेत का, वजन भराभर उतरतंय का, चक्कर येते का. यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही गाठा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही बोलता येतं, मराठीतही.