तपासणीला जाताना धुऊन जाऊ नका

तिने खुर्ची आधी खिडकीजवळ सरकवली आणि मगच ती बसली. समुपदेशनाला येणाऱ्या बहुतेक स्त्रिया पहिली काही मिनिटे इकडचेतिकडचे बोलतात, हिने मात्र थेट विचारले, "मॅडम, माझ्या अंगाचा वास तुम्हाला येतो आहे का?" मला येत नव्हता आणि तसे मी सांगितलेही, पण तिचा विश्वास बसला नाही. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

तिच्याजवळ तपासणीचा एक कागद होता. त्यावर सारे काही सर्वसाधारण असल्याची नोंद होती आणि तोंडी सल्ला होता, की तुम्ही फार विचार करता, एखाद्या समुपदेशकाला भेटा. आपल्या अंगाला दुर्गंधी येते अशी पक्की समजूत मनात घर करून बसलेली माणसे असतात, त्यामुळे पहिला अर्धा तास मीही तिच्या चिंतेचाच माग काढत राहिले. ती माझी चूक होती. वास कसा आणि कधी येतो हे मी आधी विचारायला हवे होते. विचारले तेव्हा तिने अडखळत का होईना, पण नेमके सांगितले: वास मासळीसारखा, शरीरसंबंधानंतर आणि पाळीच्या दिवसांत वाढणारा, अंगावरून पातळ, करडट पांढरे जाते, खाज जवळजवळ नाही, आणि हे सारे आठ महिन्यांपासून चालू आहे. मनाचा वास पाळीची तारीख बघून येत नाही.

"तपासणीला गेलात, त्या दिवशी घरून निघण्यापूर्वी काय केलेत?" असे मी विचारले. ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी काही वेडगळ विचारले आहे. "धुऊनच गेले ना. तशी कशी जाणार?" एरवीही ती दिवसातून चार वेळा धूत असे. आधी साबण, नंतर सुवासिक इंटिमेट वॉश आणि शेवटी पिचकारीने आतून जंतुनाशक मिसळलेले पाणी. डॉक्टरांना जो स्राव पाहायचा असतो, तोच ती तपासणीपूर्वी धुऊन टाकत होती.

मी डॉक्टर नाही आणि निदान करणे माझे काम नाही. पण ही लक्षणे बॅक्टेरियल व्हजायनोसिसशी फार जुळतात एवढे मला कळत होते, म्हणून मी तिला समजावून सांगायला बसले. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जिवाणू राहतात आणि ते लॅक्टिक आम्ल तयार करून तेथील पीएच साधारण ३.८ ते ४.५ एवढा, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी, ठेवतात. त्यांची संख्या घटली की एरवी थोड्या प्रमाणात असणारे गार्डनेरेलासारखे इतर जिवाणू फोफावतात आणि पीएच ४.५ च्या वर जातो. या जिवाणूंपासून तयार होणारी अमाईन्स नावाची रसायने आम्लात दबून राहतात, मात्र आम्लता कमी झाली की वायुरूपाने बाहेर पडतात. वीर्य आणि रक्त हे दोन्ही किंचित अल्कधर्मी असल्यामुळे संबंधानंतर आणि पाळीत वास उसळतो. आतून धुण्याने हे उपकारक जिवाणूच आधी निघून जातात. योनिमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः राखतो. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला की पुरे, आत काहीही घालण्याची गरज नसते. (या भागाला सुगंध असलाच पाहिजे, ही कल्पना मला तर निव्वळ बाटल्या खपवण्यासाठी काढलेली वाटते.)

तिला सर्वांत आश्चर्य वाटले ते एका तपासणीचे. १९८३ साली मांडले गेलेले आणि आजही वापरले जाणारे या विकाराचे चार निकष आहेत: एकसारखा पातळ स्राव, वाढलेला पीएच, सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी वेढलेल्या 'क्लू' पेशी आणि स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर येणारा मासळीसारखा वास. चारांपैकी तीन जुळले की निदान पक्के होते. "म्हणजे डॉक्टर मुद्दाम वास घेतात?" तिने विचारले. घेतात, मी म्हणाले. जो लपवण्यासाठी तुम्ही एवढ्या झटता आहात, तो त्यांच्या दृष्टीने पुरावा आहे. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मग खरा प्रश्न आला. नवऱ्याने विचारले होते, "हे कुठून आणलेस?" येथे मी शब्द जपून वापरते, कारण खोटा दिलासा पुढे महागात पडतो. हा विकार लैंगिक संसर्गांत सहसा मोजला जात नाही, पण शरीरसंबंधांशी त्याचा संबंध आहे. नव्या जोडीदारानंतर किंवा निरोधाविना संबंधांनंतर तो अधिक आढळतो. तरीही एका जोडीदाराशी एकनिष्ठ असलेल्या स्त्रीलाही तो होतो, त्यामुळे तो कोणाच्याही बाहेरख्यालीपणाचा पुरावा ठरत नाही, तिच्याही नाही आणि त्याच्याही नाही.

तपासणीपूर्वी किमान दोन दिवस आतून काहीही न धुता, पाळी नसताना पुन्हा जा आणि धुण्याची सवय डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, एवढेच मी तिला सुचवले. वासाची कारणे इतरही असतात: ट्रायकोमोनास हा लैंगिक संसर्ग, पाळीत वापरून आत विसरून राहिलेला टॅम्पॉन. बुरशीच्या संसर्गात मात्र खाज आणि दह्यासारखा घट्ट स्राव असतो, वास फारसा नसतो. म्हणून औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये. ताप, ओटीपोटात दुखणे किंवा अवेळी रक्तस्राव असेल, तर दोन दिवसही थांबू नये. गरोदरपणातही लगेच दाखवावे, कारण या विकाराचा अकाली प्रसूतीशी संबंध आढळला आहे.

या वेळी निदान झाले. मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाचा सात दिवसांचा कोर्स तिने पूर्ण केला आणि वास गेला. हा विकार पुन्हा उद्भवण्याची शक्यता मोठी असते, वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो परत होतो, हे मी आधीच सांगून ठेवले होते. नाहीतर परत आलेला वास म्हणजे आपलाच दोष, असे वाटून हात पिचकारीकडे जातो.

चार महिन्यांनी तिचा फोन आला. वास परतला होता. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात पुरुष जोडीदारावरही एकाच वेळी उपचार केल्यावर बारा आठवड्यांत विकार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले होते. त्यामुळे दोघांच्या उपचाराबद्दल डॉक्टरांना विचारा, असे मी तिला म्हणाले.

"विचारले," ती म्हणाली. "कालच जाऊन आले. हेही बरोबर होते. आणि मॅडम, या वेळी धुऊन गेले नव्हते."