मंक्टनजवळचं जुनं घर आणि तळघरातली लाकडाची फर्नेस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात यायचं ठरतंय, मंक्टनच्या बाहेर एक जुनं घर परवडतंय, त्यात ऑइलची फर्नेस, म्हणजे सगळं घर तापवणारी भट्टी, आहे आणि तेलाचा खर्च ऐकून धडकी भरली आहे. तर तळघरात लाकडाची किंवा कोळशाची फर्नेस बसवावी का, स्वतः बसवली तर चालेल का, आणि घरात लहान मुलं असताना हे कितपत सुरक्षित आहे? मी याच प्रांतात राहतो, आमचं घर लाकडावरच तापतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोळशाचं आधीच निकालात काढू. नको. इथल्या मिंटो गावात एके काळी कोळशाच्या खाणी होत्या, त्यामुळे जुन्या घरांतून कोळशाच्या गोष्टी ऐकू येतील, पण त्या खाणी बंद झाल्या. लाकडाच्या फर्नेसमध्ये कोळसा घालता येत नाही. कोळशाला खालून हवा लागते, हलवता येणारी जाळी लागते, आणि त्याची उष्णता लाकडासाठी केलेल्या पेटीला सोसत नाही. निखाऱ्यांवर ताज्या कोळशाचा जाड थर टाकून ज्योत पूर्ण झाकली, तर वर वायू साठतो आणि एकदम भडका उडून दार उघडू शकतं. शिवाय कोळशाच्या काजळीतलं गंधक उन्हाळ्यातल्या दमटपणात आम्ल बनतं आणि पत्र्याचा पाइप आतून खातं. ज्यांना हे सगळं अंगवळणी पडलंय ते नीट चालवतात. पहिल्याच हिवाळ्यात नवख्या माणसाने त्या फंदात पडू नये.

आता लाकूड. तुम्ही फर्नेसच्या मॉडेलपासून सुरुवात केली आहे, पण इथे काम उलट्या क्रमाने करावं लागतं: आधी इन्शुरन्स, मग चिमणी, मग जागा, आणि फर्नेस सगळ्यात शेवटी. बँक कर्ज देताना घराचा विमा मागते, आणि विमा कंपनी लाकडाची शेगडी किंवा फर्नेस म्हटलं की ‘वेट’ची तपासणी मागते. वेट म्हणजे वुड एनर्जी टेक्नॉलॉजी ट्रान्सफर. ही संस्था माणसांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देते, घरांना किंवा फर्नेसना नाही. त्यामुळे ‘हे घर वेट सर्टिफाइड आहे’ असं एजंट म्हणाला तर त्याला अहवाल मागा आणि त्यावरची तारीख बघा. तपासणीचे तीन स्तर असतात. पहिल्यात फक्त सहज दिसेल तेवढं बघतात, दुसऱ्यात माळा वगैरे पोचता येईल अशा जागाही बघतात, तिसऱ्यात गरज पडली तर भिंत उघडतात. विमा कंपनीला बहुधा पहिला पुरतो. जुन्या घराला मी दुसरा करून घेईन, कारण चिमणीची खरी गंमत माळ्यावर असते. घरात दुसरी काही हीटिंग व्यवस्था आहे का, हेही कंपनी विचारते. तुमची ऑइलची फर्नेस काढू नका. लाकडाची तिच्या जोडीला बसवा. तुम्ही आठवडाभर बाहेर गेलात तर उणे वीसमध्ये पाण्याचे पाइप गोठू न देणारं कोणीतरी घरात हवं.

स्वतः बसवण्याबद्दल: न्यू ब्रन्सविकमध्ये आधी नगरपालिका किंवा तुमच्या भागातलं रीजनल सर्व्हिस कमिशन (आसपासच्या गावांची सामायिक संस्था) गाठा आणि परमिटचं विचारा. नियमावली आहे ती सीएसए, म्हणजे कॅनडाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, बी३६५. हौशी माणसाने वाचून समजेल अशी ती आहे, आणि काहीजण स्वतः बसवतातही. पण तुम्हाला इथल्या घरांची लाकडी हाडं अजून ओळखीची नाहीत. भिंत दिसते जिप्समची, पण आत फळ्या असतात. पहिली तरी वेटवाल्या माणसाकडूनच बसवा आणि तो काम करत असताना शेजारी उभे राहा. पुढे लिहितोय ते, त्याने काय केलंय हे तुम्हाला कळावं म्हणून.

चिमणी. घरात आधीची विटांची चिमणी असेल तर आतलं मातीचं अस्तर तडकलेलं असण्याची शक्यता धरूनच चाला. तसं असलं तर आतून स्टीलचा लायनर टाकतात, आणि त्याचा व्यास फर्नेसच्या तोंडाशी जुळायला हवा. मोठ्या नळीत धूर रेंगाळतो, थंड होतो, ओढ (धूर वर खेचणारा जोर) मरते. तयार धातूची चिमणी असेल तर तिच्यावरचा शिक्का वाचा. लाकडासाठी ६५० अंश सेल्सिअसची, यूएलसी (कॅनडातली सुरक्षा-चाचणी संस्था) एस६२९ मानकाची चिमणी लागते. ही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आली. त्याआधीच्या पातळ ‘टाइप ए’ चिमण्या अजून कित्येक घरांवर उभ्या आहेत, बाहेरून अगदी चकचकीत दिसतात, आणि चिमणीत आग लागली तर टिकत नाहीत. चिमणी आणि लाकडी वाशांमध्ये शिक्क्यावर लिहिलेलं अंतर, बहुधा २ इंच, मोकळं हवं. माळ्यावर कोणीतरी उत्साहाने त्या फटीत इन्सुलेशन कोंबलेलं सापडतं. ते काढायचं. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. छपरावर चिमणी जिथून निघते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही छप्पर किंवा भिंत असेल त्याहून २ फूट उंच.

आणि ऑइलची फर्नेस ज्या नळीत धूर सोडते त्याच नळीत लाकडाची जोडू नका. ‘आधीच्या मालकाने तसंच जोडलं होतं’ हे कारण तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. मी तरी एका नळीत दोन यंत्रं ठेवणार नाही.

फर्नेसपासून चिमणीपर्यंतचा काळा पाइप ही सगळ्यात जास्त चुका होणारी जागा. तो जितका आखूड आणि सरळ तितका चांगला. एकूण लांबी १० फुटांच्या आत, दोनपेक्षा जास्त काटकोनी वळणं नकोत. आडव्या भागाला चिमणीच्या दिशेने दर फुटाला पाव इंच चढ. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. सांध्याचं चुरगळलेलं, बारीक टोक फर्नेसच्या बाजूला खाली तोंड करून असतं. लोकांना वाटतं हे उलटं आहे, कारण धूर वर जातो. पण पाइपात धुराचं डांबरी पाणी होतं ते खाली येतं. टोक बरोबर असेल तर ते आतल्या आत वाहत आगीत पडून जळतं. उलटं असेल तर सांध्यातून बाहेर पाझरतं, काळे ओघळ येतात आणि तळघरभर जळकट, उग्र वास बसतो, तो काही केल्या जात नाही. एकेरी पत्र्याचा पाइप कुठल्याही जळाऊ वस्तूपासून १८ इंच लांब. तो भिंतीतून, छतातून किंवा कपाटातून न्यायचा नाही. गॅल्वनाइज्ड पाइप वापरायचा नाही, तापला की त्याचा धूर विषारी.

अंतरांचं सांगतो. फर्नेसच्या मागे किंवा बाजूला एक धातूची पट्टी असते. विजेरी घेऊन तळघरात वाकून ती वाचा, फोटो काढून ठेवा. तिच्यावर इंच आणि मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं: मागे किती, बाजूला किती, वरच्या गरम हवेच्या डक्टपासून (हवा खोल्यांत नेणाऱ्या नळीपासून) किती. फर्नेससाठी सीएसए बी३६६.१ हे मानक त्या पट्टीवर दिसायला हवं. पट्टीच नसेल तर नियम त्या फर्नेसला अप्रमाणित धरतात आणि अंतरं एकदम ४ फुटांपर्यंत वाढतात. म्हणूनच कोणी गावात ‘स्वस्तात घेऊन जा’ म्हणून जुनी फर्नेस देऊ केली तर आधी पट्टी दाखव म्हणायचं.

लाकडी सांगाड्यावरचं जिप्सम हे या हिशेबात ‘जळाऊ’ धरतात. त्याच्यावर थेट विटा चिकटवल्या तरी काही फरक पडत नाही, कारण उष्णता विटेतून आत पोचतेच. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड आतून कोळशासारखं होतं आणि मग नेहमीपेक्षा कमी तापमानालाही पेट घेतं. म्हणून ‘दहा वर्षं असंच चाललंय, काही झालं नाही’ या बोलण्याला अर्थ नसतो. जागा कमी असेल तर पत्र्याची ढाल लावतात, पण भिंतीपासून साधारण एक इंच पुढे, खालून आणि वरून उघडी, म्हणजे मागून हवा खेळत राहते. ढाल लावायचे स्क्रू आणि त्यांच्याखालचे तुकडेही न जळणारेच हवेत. जमीन काँक्रीटची असेल तर प्रश्न नाही. लाकडी असेल तर दाराच्या पुढे १८ इंच आणि बाकी बाजूंना ८ इंच न जळणारा तळ.

आता फर्नेसची अशी एक गोष्ट, जी साध्या शेगडीत नसते: पंखा. हा पंखा घरातली थंड हवा ओढून तापलेल्या पेटीभोवती फिरवतो आणि डक्टमधून खोल्यांत सोडतो. त्या परतीच्या हवेची जाळी फर्नेसच्याच खोलीत उघडी असेल, किंवा तिथल्या डक्टला भोकं असतील, तर पंखा त्या खोलीची हवा उपसतो, खोलीत दाब कमी होतो आणि चिमणीतला धूर उलटा आत येतो. धूर दिसतो तरी, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही. परतीची हवा वरच्या मजल्यावरून यायला हवी आणि डक्टचे सांधे बंद हवेत. स्वयंपाकघरातला जोरदार एक्झॉस्ट आणि कपड्यांचा ड्रायर हेही हाच खेळ करतात. नवीन खिडक्या बसवून घट्ट केलेल्या घरात जास्तच. बसवणाऱ्याला हे सगळं चालू ठेवून ओढ मोजून दाखव म्हणून सांगा.

दुसरी गोष्ट म्हणजे वीज जाणं. इथे वीज जाते ती नेमकी तुम्हाला आग हवी असते त्या रात्री. जानेवारी २०१७च्या बर्फवादळात प्रांताच्या ईशान्येकडे कित्येक घरं आठवड्याहून जास्त अंधारात होती, आणि त्यात दोघांचा मृत्यू झाला तो कार्बन मोनॉक्साइडने. वीज गेली की पंखा थांबतो, पण आत पेटलेली लाकडं थांबत नाहीत. उष्णता वरच्या डक्टमध्ये साचते. चांगल्या फर्नेसमध्ये हवेची झडप आपोआप मिटते आणि आग मंदावते. तरी मॅन्युअलमध्ये ‘वीज गेल्यास’ हे पान शोधून भिंतीवर चिकटवा. बहुतेक ठिकाणी एअर फिल्टर काढायला सांगतात, म्हणजे गरम हवा पंख्याशिवाय आपली आपण वर चढते. नवीन लाकूड घालायचं तर अगदी थोडं. आणि म्हणूनच डक्ट धातूचेच हवेत, प्लास्टिकचे लवचीक डक्ट फर्नेसजवळ अजिबात नकोत.

सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म झोपायच्या प्रत्येक मजल्यावर, सीएसए ६.१९ छापलेला, बॅटरीवरही चालणारा. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि घरातल्या सगळ्यांनाच तसं होतंय, तर कारण शोधत बसू नका. मुलांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ (इथला आपत्कालीन नंबर) लावा.

मुलांचं विचारलंत. तळघरातल्या फर्नेसचं आवरण बैठकीतल्या शेगडीइतकं तापत नाही, पण दार आणि पाइप भाजतात. त्या खोलीला दार आणि वर कडी, एवढं पुरतं. मला मुलांपेक्षा राखेची जास्त काळजी वाटते. राखेतले निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात. झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर, लाकडी डेकपासून लांब. पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही.

लाकूड ओलं असेल तर वरचं सगळं फुकट. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते धुमसतं, धूर थंड पडतो आणि चिमणीत क्रिओसोट (डांबरासारखी जळाऊ काजळी) धरतो: आधी भुकटी, मग पापुद्रे, मग काळा चकाकता थर. शेवटचा थर ब्रशने निघत नाही, आणि पेटला तर चिमणी आतून १००० अंशांच्या वर जाते. ओलावा मोजायचं छोटं यंत्र घ्या, ओंडका फोडून ताज्या फोडलेल्या बाजूवर टोचा, २० टक्क्यांच्या आत हवं. विक्रेता ‘ड्राय’ म्हणतो ते मी कधीच धरत नाही. एक कॉर्ड (जळण विकायचं इथलं माप) म्हणजे रचलेलं १२८ घनफूट, ४ बाय ४ बाय ८. ‘फेस कॉर्ड’ म्हणाला तर लाकडाची लांबी विचारा, १६ इंची असेल तर तो कॉर्डचा तिसरा हिस्साच आहे. मेपल आणि बर्च वसंतात फोडून रचलं तर उन्हाळाभर वाळतं, ओकला दोन वर्षं द्या. आणि लाकूड जवळपासचंच घ्या. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाची कीड जळणातूनच पसरते, म्हणून कीड सापडलेल्या भागांतून ते बाहेर न्यायला मनाई असते. पहिल्या वर्षी चिमणी दर महिन्याला बघा. थर ३ मिलिमीटरचा झाला की साफ.

तारखांचं शेवटी. घराला ऑफर देतानाच ‘चिमणीची वेट तपासणी समाधानकारक आल्यास’ ही अट लिहून घ्या, सही झाल्यावर ती घालता येत नाही. बसवायचं काम जून-जुलैत ठरवा. सप्टेंबर उजाडला की चांगल्या माणसांकडे रांग लागते. चिमणीच्या शिक्क्याचे, माळ्यावरून ती जिथे जाते तिथले आणि ऑइलच्या फर्नेसच्या पाइपाचे फोटो एजंटकडून मिळाले तर पाठवा. बघून सांगतो, आहे ती चिमणी चालेल की नवी लागेल.