डेट्रॉइटमध्ये एवढी गुन्हेगारी का? तिथली माणसंच तशी आहेत का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातलं डेट्रॉइट एवढं कसं बिघडलं, आणि पुढे जोडून असंही की तिथली माणसंच तशी आहेत म्हणून का. हा दुसरा प्रश्न वाचला आणि लिहायला बसलो, कारण २००६ मध्ये मी इथे आलो तेव्हा माझ्याही डोक्यात हेच भरवलेलं होतं. ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत नोकरी, राहायला ट्रॉयमध्ये म्हणजे शहराच्या उत्तरेच्या उपनगरात, आणि पहिल्याच आठवड्यात आपल्याच मंडळींनी घरी जेवायला बोलावून बजावलं की एट माईल रोडच्या खाली जायचं नाही, गेलास तर पेट्रोल भरायलासुद्धा थांबायचं नाही. एट माईल ही शहराची उत्तरेची हद्द. मी दोन-तीन वर्षं खरंच कधी खाली उतरलो नाही, हायवेने जायचं आणि हायवेने परत.

मग एका जानेवारीत आमच्या प्लांटमधल्या एका सिनियर टेक्निशियनची गाडी बंद पडली आणि त्यांना घरी सोडायला मी गेलो. साठीच्या आसपासचे कृष्णवर्णीय गृहस्थ, जन्मापासून शहराच्या ईस्ट साइडला राहिलेले, आईवडिलांचंच घर. संध्याकाळचे साडेपाच-सहा वाजले असतील पण थंडीत इथे तोवर काळोख होतो, आणि त्यांच्या रस्त्यावर एकही दिवा लागलेला नव्हता, खांब होते पण सगळे बंद, उजेड होता तो फक्त चार-पाच घरांच्या पोर्चमधला. ते म्हणाले आम्ही आपसात ठरवून पोर्चचे दिवे रात्रभर चालू ठेवतो, म्हणजे मुलं बसस्टॉपवरून येताना दिसतात तरी.

त्यांच्या शेजारचं घर तेव्हा नुकतंच रिकामं झालं होतं. त्या घराचं पुढे काय झालं ते मी नंतरच्या दीड-दोन वर्षांत येता-जाता बघितलं, आणि मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्या एका घरात आहे. आधी बाहेरचा अॅल्युमिनियमचा पत्रा गेला. मग पाणी तापवायची टाकी. मग एका रात्री आत हातोड्याचे आवाज यायला लागले, म्हणजे कोणीतरी भिंती फोडून तांब्याचे पाइप काढत होतं, आमच्या टेक्निशियननी पोलिसांना फोन केला, रात्रभर खिडकीत बसून राहिले, सकाळपर्यंत कोणी आलं नाही. पाइप काढणाऱ्यांनी पाणी बंद केलंच नव्हतं, ते तळघरात भरत राहिलं आणि थंडीत गोठलं, मी बघितलं तेव्हा तळघराच्या छोट्या खिडकीतून बर्फ फुगून बाहेर आला होता. उन्हाळ्यात तिथे पोरं जमायला लागली, ड्रग्जवाले आले, आणि पुढच्या शरद ऋतूत एका रात्री आग लागली. यांच्या घराची त्या बाजूची भिंत पार काळी झाली आणि नंतर घराचा इन्शुरन्स वाढला. त्यांच्या हातून यातलं काय चुकलं होतं? काहीच नाही. ते फक्त तिथे राहत होते.

डेट्रॉइटबद्दल मला हेच सांगायचंय, की जे गेले त्यांचा खर्च जे राहिले त्यांच्या अंगावर पडला, आणि तो सत्तर वर्षं पडतोय.

आता थोडा मागचा हिशोब. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, २०१० मध्ये ७ लाख १४ हजार, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार. बरेच जण, इथले गोरे म्हातारेसुद्धा, तुम्हाला सांगतील की १९६७ च्या दंगलीने शहराचा घात केला. जुलै १९६७ ची ती घटना भयंकर होती यात वादच नाही, रात्री चालणाऱ्या एका बेकायदा बारवर पोलिसांनी धाड टाकली, त्यावरून पेटलं आणि ४३ माणसं मेली. पण त्याच्या आधीच्या आकड्यांकडे बघा ना, १९५० ते १९६० या दहा वर्षांतच पावणेदोन लाखांहून जास्त लोक कमी झाले होते. १९४७ ते १९६३ मध्ये कारखान्यांतल्या सुमारे १ लाख ३४ हजार नोकऱ्या शहरातून गेल्या. १९४७ ते १९५८ मध्ये मोटारीच्या तीन मोठ्या कंपन्यांनी आसपासच्या परिसरात २५ नवे कारखाने उभे केले आणि त्यातला एकही शहराच्या हद्दीत नव्हता. पॅकार्डचा अवाढव्य कारखाना १९५६ मध्ये बंद झाला. म्हणजे दंगल झाली तेव्हा कामं आधीच हद्दीबाहेर गेलेली होती.

कामामागे माणसं का गेली नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे, मीही विचारला होता. गोरी माणसं गेलीच. बाकीच्यांना जाऊ दिलं नाही. १९३० च्या दशकापासून सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने दाखवल्या जायच्या, म्हणजे इथे घरासाठी कर्ज देणं धोक्याचं, आणि सरकारी हमी नसेल तर बँक कर्ज देणार नाही, कर्ज नाही तर घराची डागडुजी नाही आणि विकायला काढलं तर घेणारा नाही. एट माईलजवळ एक भिंत आहे, १९४१ ची, सहा फूट उंच आणि साधारण अर्धा मैल लांब. एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, सरकारी हमी मिळेना कारण बाजूला कृष्णवर्णीय वस्ती, मग त्याने मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली. ती भिंत अजून उभी आहे, एका भागावर आता रंगीत चित्रं काढलीयत, बाकी ठिकाणी लोकांच्या परसातून साधी काँक्रीटची भिंत जाते. मी मुलीला मुद्दाम दाखवायला नेलं होतं. तिने विचारलं की बाबा ही एवढीशीच? खरंच एवढीशीच आहे. माणूस सहज चढून जाईल. अडवायचं काम ती कागदावर करत होती.

ब्लॅक बॉटम नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती तर हायवेसाठी आणि नव्या इमारतींसाठी पाडलीच, हेस्टिंग्ज स्ट्रीट म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दुकानांचा, क्लबांचा मुख्य रस्ता, त्याच्यावरून आता गाड्या जातात. आणि १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की शहरातली आणि उपनगरांतली मुलं एकत्र शिकवायची सक्ती उपनगरांवर करता येणार नाही, म्हणजे हद्द ओलांडून गेलात की शाळेची काळजी मिटली. ज्याला परवडत होतं तो गेला, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही, मीसुद्धा ट्रॉयमध्ये राहतो ते शाळांसाठीच.

आता बघा मागे राहिलेल्यांचं काय होतं. शहर पसरलंय १३९ चौरस मैलांवर, रस्ते तेवढेच, पाण्याच्या लाइनी तेवढ्याच, निवृत्त पोलीस आणि अग्निशमनवाल्यांची पेन्शन तेवढीच, पण भरणारे तिसऱ्या हिश्श्यावर आलेले. मग कर वाढवा. शहरात राहणाऱ्याच्या पगारावर २.४ टक्के शहराचा कर, नुसतं कामाला येणाऱ्यावर त्याच्या निम्मा. घरपट्टीचा दर अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत सगळ्यात वरच्या दरांमध्ये. गाडीचा इन्शुरन्स तर देशात सगळ्यात महागांपैकी, इतका की अर्धी माणसं उपनगरातल्या मावशी-काकांच्या पत्त्यावर गाडी दाखवायची नाहीतर इन्शुरन्सशिवायच चालवायची, आणि मग पकडले की दंड, लायसन्स गेलं, लायसन्स गेलं की नोकरी गेली, कारण नोकरी उपनगरात आणि कितीतरी उपनगरांनी प्रादेशिक बससेवेतून अंग काढून घेतलेलं.

घरपट्टीबद्दल मात्र मला सगळ्यात जास्त राग येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनच्या राज्यघटनेत स्पष्ट आहे की कर लावताना घराची किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त धरता येत नाही. २००८ च्या मंदीत घरांचे भाव कोसळले, पण शहराच्या दप्तरात जुन्याच किमती पडून राहिल्या. २०१० ते २०१६ मध्ये लोकांकडून असे किमान ६० कोटी डॉलर जास्त आकारले गेले. सगळ्या घरांचं नव्याने मूल्यांकन पूर्ण झालं ते थेट २०१७ मध्ये. आणि थकबाकीवर व्याज वर्षाला १८ टक्क्यांपर्यंत, तीन वर्षं थकली की कौंटी, म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन, घर जप्त करून लिलावात काढायची, दुसऱ्या फेरीत बोली सुरू व्हायची ५०० डॉलरपासून. गरीब घरमालकांना घरपट्टी माफ होऊ शकते असा नियम होता पण कित्येकांना तो माहीतच नव्हता. म्हणजे जी आजी चाळीस वर्षं एका घरात राहिली, तिच्यावर मुळात बेकायदा आकारलेला कर थकला म्हणून ते घर ५०० डॉलरला कोणा लांबच्या गुंतवणूकदाराने घ्यायचं, तो बघायलाही येत नाही, घर रिकामं, आणि मग सुरू तेच, पत्रा, टाकी, तांब्याचे पाइप, आग. रिकामी घरं गुन्हेगारीमुळे झाली असं लोक म्हणतात, मी तर बरीचशी घरं कागदांमुळे रिकामी झालेली बघितली. २०१४ च्या पाहणीत अशी पडीक किंवा पडीक होऊ घातलेली बांधकामं ७८ हजारांवर निघाली.

गुन्हेगारी खोटी होती असं मी म्हणत नाही. २०१२ मध्ये ३८६ खून झाले, सात लाखांच्या शहरात. पण मेलेले बहुतेक सगळे तिथलेच होते, आम्ही उपनगरवाले नाही, आणि ही गोष्ट आमच्या जेवणाच्या टेबलांवर कधी कोणी बोलत नाही. जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली, सुमारे १८ अब्ज डॉलरचं देणं, तेव्हा कोर्टापुढच्या कागदांत आलं की तातडीच्या फोनवर पोलीस पोचायला सरासरी ५८ मिनिटं लागतात आणि रस्त्यावरचे ४० टक्के दिवे बंद आहेत. त्याच्याही आधी, २००९ मध्ये, पोलिसांच्या एका गोदामात बलात्काराच्या तपासाचे ११ हजारांहून जास्त किट सापडले, कधी तपासणीला पाठवलेच नव्हते. अकरा हजार. प्रत्येक किट म्हणजे एक बाई किंवा मुलगी, जिने त्या अवस्थेत दवाखान्यात जाऊन, तासन्‌तास तपासणी सहन करून पुरावा दिला होता. पुढे ते तपासले तेव्हा शेकडो सराईत गुन्हेगार निघाले. ती माणसं मधली वर्षं मोकळी फिरत होती. आता सांगा, "तिथली माणसंच तशी" म्हणताना आपण नक्की कोणाबद्दल बोलतोय, त्या बायकांबद्दल?

सध्याचं चित्र बरंच बरं आहे, तेही सांगायला हवं. २०१६ अखेरपर्यंत ६५ हजार नवे एलईडी दिवे बसले. पडीक घरं वीस हजारांहून जास्त पाडली. २०२४ मध्ये खून २०३ वर आले, १९६५ नंतरचा तोवरचा सगळ्यात कमी आकडा. लोकसंख्यासुद्धा २०२३ मध्ये कित्येक दशकांत पहिल्यांदा किंचित वाढली. डाउनटाउन तर ओळखू येत नाही, १९८८ पासून बंद पडलेलं मिशिगन सेंट्रल स्टेशन फोर्डने घेऊन २०२४ मध्ये परत उघडलं, आम्ही बघायला गेलो होतो, इमारत सुंदरच झालीय. पण शहर म्हणजे डाउनटाउन नव्हे हो. तिथून गाडीने दहा-बारा मिनिटं पूर्वेला गेलं की अख्ख्या गल्लीत तीन घरं आणि बाकी गवत, अशा गल्ल्या अजून आहेत, आणि २०१४ मध्ये शहराने बिल थकलं म्हणून हजारो घरांचं पाणी तोडलं होतं ते अशाच गल्ल्यांतलं, इतकं की संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. तेव्हा कोणी डेट्रॉइट सुधारलं म्हणालं तर मी विचारतो, कुठल्या रस्त्यावर?

आमचे टेक्निशियन आता रिटायर झालेत, राहतात अजून तिथेच. शेजारचं जळकं घर शेवटी पाडलं, आणि शहराच्या लँड बँकेची, म्हणजे पडीक घरं-जमिनी ताब्यात ठेवणाऱ्या संस्थेची, योजना आहे की शेजारचा रिकामा प्लॉट घरमालकाला १०० डॉलरला मिळतो, तसा त्यांनी घेतला. खरं तर विकत घ्यायच्या आधीपासूनच तिथलं गवत तेच कापत होते, स्वतःच्या मशीनने, स्वतःच्या पेट्रोलने, आणि पलीकडच्या दोन प्लॉटचंही. मागच्या मे महिन्यात वाफे करायला मदत हवी होती म्हणून मी आणि मुलगी गेलो. वरची चार-सहा इंच माती चांगली आहे, ट्रकने आणून टाकलेली, त्याच्याखाली फावडं लागलं की खण्‌ आवाज येतो, विटांचे तुकडे, काच, बाथरूमच्या निळ्या टाइल्स. मुलीला एक चमचा सापडला. त्यांनी तो पुसून बघितला आणि शेजारी राहणाऱ्या बाईंचं नाव घेतलं, म्हणाले त्यांच्याकडचा असणार, रविवारी आम्हाला बोलवायच्या. मग चमचा खिशात ठेवला आणि म्हणाले, इथे वाफा उथळच ठेवू, टोमॅटोला एवढी माती पुरते.