अठरा पूर्ण म्हणजे अठरा पूर्ण

प्रिय मित्रा,

तू 19 वर्षांचा, ती अकरावीत, नुकतीच 16 पूर्ण झालेली. तुमचं एकमेकांवर प्रेम आहे, यावर मी शंका घेणार नाही. पण "तिची पूर्ण मर्जी आहे, मग अडचण कुठे?" हे वाचून मला तुझी काळजी वाटली. तिची तर त्याहून जास्त.

2012 च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, 18 वर्षं पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मुलगा असो वा मुलगी. बालकाची मर्जी कोर्टात संमती म्हणून चालत नाही. शरीरसंबंध आला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा 10 वर्षं. न्यायाधीशांना तुझी कीव आली तरी त्यांना त्याखाली जाता येत नाही. वयातलं अंतर थोडं असेल तर कॅनडासारख्या देशात सूट मिळते, आपल्याकडे नाही. आणि 18 चं हे वय खाली आणू नये, असंच सरकारला कायद्यांबाबत सल्ला देणाऱ्या विधी आयोगाने 2023 साली सांगितलं.

मी वकील म्हणून अशी प्रकरणं पाहते. फिर्याद बहुतेकदा मुलीची नसते, तिच्या वडिलांची असते. दोघं घरातून निघून जातात, पोलीस ठाण्यात 'फूस लावून पळवून नेलं' अशी नोंद होते, मुलगी सापडली की वैद्यकीय तपासणी होते आणि पोक्सोची कलमं लागतात. मुलगी साक्षीत ठामपणे सांगते, "मी माझ्या मनाने गेले होते." पण तोवर सगळं शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेवर येऊन ठेपलेलं असतं. गुरुजींनी अंदाजाने 1 जून लिहिली असली, तरी आधी तोच कागद पाहिला जातो. दिवस गेले म्हणून मुलगी दवाखान्यात गेली, तर पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

हा कायदा तुला जाचक वाटेल. 16 ते 18 मधल्या खऱ्या प्रेमप्रकरणांसाठी त्यात जागा हवी, असं मलाही वाटतं. पण संमतिवयाचा जन्म कशातून झाला तेही बघ. कलकत्त्याची फुलमणी दासी जेमतेम 10-11 वर्षांची असताना नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. त्यानंतर 1891 साली हे वय 10 वरून 12 केलं, तर त्यावरून आपल्या पुण्यात केवढा गदारोळ झाला! टिळक विरोधात, आगरकर बाजूने.

कायदा क्षणभर बाजूला ठेव. तुझ्याकडे गाडी आहे, कॉलेजचं मोकळं जग आहे. तिला क्लासहून घरी पोचायला दहा मिनिटं उशीर झाला तरी जाब द्यावा लागतो. तुमच्यातलं खरं अंतर हे आहे. ती "हो" म्हणते ते मनापासून, की तू सोडून जाशील या धास्तीने? तुला ते कळणार नाही. कदाचित तिलाही आत्ता कळणार नाही.

म्हणून माझं ऐक. भेटा, बोला, पण चारचौघांत. लॉज नको, पळून जाण्याचा विचार तर मुळीच नको. तिच्याकडे तसला फोटो मागू नकोस. तिने आपणहून पाठवला तरी जवळ ठेवू नकोस आणि कुणाला दाखवू नकोस, तोही गुन्हाच आहे. शरीराच्या बाबतीत ती 18 पूर्ण होईपर्यंत थांब, आणि हे तिला तू स्वतः सांग. तिला टाळतोयस असं वाटू देऊ नकोस.

तुझ्या आईला हे माहीत असायला हवं. एकट्याने सांगायचा धीर होत नसेल तर रविवारी सकाळी मी घरी येते, आपण दोघं मिळून सांगू.

तुझी,
ताई