भोकांचा पॅटर्न टाकण्याआधी

हे बघ, वाळूजला डिझाइनच्या कामाला लागलास की फ्लँज (पाइप जोडायची भोकांची चकती) नाहीतर जाळीची प्लेट तुझ्याकडे येणारच. तेव्हा कॅडच्या (कॉम्प्युटरवर डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरच्या) स्केचमध्ये आठ वर्तुळं काढत बसू नकोस. एकच भोक काढ, पण पूर्ण काढ: एम८ (८ मिमीच्या) बोल्टला ९ मिमीचं क्लिअरन्स भोक, म्हणजे बोल्ट सैल जाईल इतकं, काउंटरबोअर (बोल्टचं डोकं बसायचा खळगा), चॅम्फर (काठाचा तिरका छेद), सगळं. मग सर्क्युलर पॅटर्न (तेच भोक वर्तुळावर पुन्हापुन्हा टाकायची कमांड), ३६० अंश, इक्वल स्पेसिंग. पीसीडी (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) आणि भोकांची संख्या यांना नावं देऊन ठेव. उद्या कस्टमर आठाची दहा करायला सांगतो, तेव्हा एक आकडा बदलला की झालं. असेंब्लीतले बोल्टही त्याच पॅटर्नवर बसव, तेही सोबत वाढतात.

अ‍ॅनालिसिसला मात्र, म्हणजे भाग लोड पेलेल का ते कॉम्प्युटरवर तपासताना, विचार वेगळा. आकार, सपोर्ट आणि लोड तिन्ही सिमेट्रिक असतील तर पाव भागच घे. कंपनांचं गणित असेल तर हे करू नकोस, बरेच मोड (कंपनाचे प्रकार) निसटतात. लोडपासून लांबची बारकी भोकं खुशाल सप्रेस कर (मॉडेलातून तात्पुरती वगळ), पण लोड वाहणाऱ्या भोकाला हात लावायचा नाही. रुंद पट्टी एका दिशेनं ओढली तर गोल भोकाच्या काठावर स्ट्रेस तिप्पट होतो, किर्श या जर्मन इंजिनिअरनं हे १८९८ सालीच गणितानं दाखवलंय. तुझ्या मॉडेलात तो दीडपटच दिसला तर मेश (गणितासाठी मॉडेलचे पाडलेले तुकडे, म्हणजे एलिमेंट, यांची जाळी) जाड आहे. मी तरी भोकाच्या परिघावर किमान १६ एलिमेंट ठेवतो. मग मेश अजून बारीक करून बघ, आकडा हलतोय तोवर रिपोर्ट साहेबांकडे नेऊ नकोस.