खापरपणजोबा सापडेनात! वंशावळीतले अडलेले प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की वंशावळ करताना कुठं अडलं असेल तर कळवा, तर मेलबॉक्स भरलाच. बहुतेकांचं दुखणं एकच आहे, वेल पणजोबांपर्यंत सरसर चढते आणि मग तिथंच खुंटते. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, सहा प्रश्न घेतलेत, काहींची उत्तरं लांबलीयेत आणि काही दोन ओळीत उरकलीयेत, रागावू नका.

ताई, मी सहा वर्षं खापरपणजोबांना शोधतोय. पणजोबांचंच जन्मसाल नक्की होईना. शाळेच्या दाखल्यात १८९८, नोकरीच्या कागदात १९०१ आणि मृत्यूच्या नोंदीतल्या वयावरून काढलं तर १८९४ येतं. पणजोबांच्या वडिलांचं नाव माहितीये, पण एकाच गावात त्या नावाची दोन माणसं सापडली, वयंही जवळपास सारखीच. घरात सांगतात की मूळचे तीन भाऊ होते, एक गावात राहिला, एक लांब गेला, तिसऱ्याचा पत्ताच नाही. मी अगदी हात टेकलेत.
– सहा वर्षं एकाच जागी

आधी सालाचं बघू. वय कागदावर आपोआप येत नाही, ते कुणीतरी सांगितलेलं असतं, मग प्रत्येक कागदाला विचारायचं की बाबा, हे तुला कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं आणि त्याला ते कसं माहीत. मृत्यूच्या वेळी वय सांगणारा मुलगा किंवा शेजारी, डोळ्यात पाणी, समोर कारकून घाई करतोय, तो म्हणतो लिहा सत्तर. नोकरीत वय कमी सांगितलं की रिटायरमेंट लांबते, तिथं लोक दोन-तीन वर्षं खातात. शाळेचा दाखला जन्माच्या सगळ्यात जवळचा, म्हणून त्याला जरा जास्त वजन द्या, पण तोही देववाणी नाही. आणि सरकारच गोल आकडे लिहायला सांगतं असंही झालंय! ब्रिटनच्या १८४१ च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायच्या सूचना होत्या, म्हणजे ३९ चा माणूस कागदावर ३५ चा, आणि काही गणकांनी सूचना पाळली, काहींनी नाही. तेव्हा एकच साल धरून बसू नका, १८९३ ते १९०२ असा पट्टा धरा आणि सगळं शोधणं त्या पट्ट्यात करा.

आता एकाच नावाची दोन माणसं. इथं खरं पाणी मुरतं. आपण काय करतो, आपल्या गोष्टीत जो बसतो तो उचलतो आणि दुसऱ्याचे कागदही नकळत त्याच्याच नावावर टाकत जातो, मग दोन माणसांचा मिळून एक तिसराच माणूस तयार होतो जो कधी जन्मलाच नव्हता. मी स्वतः असा एक पूर्वज चार वर्षं सांभाळला. दोन वेगळी पानं करा. जो कागद मिळेल त्यातलं साल, बायकोचं नाव, धंदा, घर किंवा जमीन, साक्षीदार कोण, आणि सही आहे की अंगठा, हे सगळं लिहा, आणि कागद नक्की कुणाचा ते कळेपर्यंत तो दोन्ही पानांच्या बाहेर तिसऱ्या पानावर ठेवा. मग दोघांपैकी एकाला बाद करता येतं का बघा. एखादा तुमच्या पणजोबांच्या जन्माआधीच वारलेला निघतो, एखादा त्या काळात भलत्याच ठिकाणी राहत असतो. बरोबर माणूस सिद्ध करण्यापेक्षा चुकीचा माणूस बाद करणं बऱ्याचदा सोपं जातं.

माझं कोडं सहीनं सुटलं. एका खरेदीखतावर सही होती, शेवटच्या अक्षराचं शेपूट ओढून खालच्या ओळीत नेलेलं, शाई तिथं थोडी फुटलेली. दुसऱ्या त्याच नावाच्या माणसाचा सगळीकडे अंगठा. मग पणजीच्या लहान बहिणीच्या लग्नाच्या नोंदीत साक्षीदार म्हणून तेच शेपूट दिसलं आणि शेजारी कंसात 'मुलीचा काका'. बहिणीचा कागद मी तोवर उघडलाच नव्हता, कारण मला ती 'माझ्या लाइनमधली' वाटत नव्हती! म्हणून सांगते, सरळ वर जायला रस्ता नसला की आडवं जा. पणजोबांची भावंडं, मेहुणे, साक्षीदार, शेजारच्या घरातलं कुटुंब, एकत्र धंदा करणारे. लोक एकटे राहत नव्हते, एकटे गाव सोडत नव्हते. तुमच्या पणजोबांच्या कागदावर त्यांच्या आजोबांचं नाव नसेल पण त्यांच्या थोरल्या भावाच्या कागदावर असू शकतं.

तीन भावांची गोष्ट मात्र बाजूला ठेवा. ही गोष्ट जगभरच्या घरांमध्ये सांगतात आणि दर वेळी भाऊ तीनच असतात. खोटीच असेल असं नाही, पण त्यातला तपासता येण्यासारखा तुकडा कुठला ते बघा, 'एक लांब गेला' हा तपासता येतो, 'तिसऱ्याचा पत्ता नाही' हा नाही.

आमच्या भागातलं रेकॉर्ड ऑफिस जळालं होतं असं सांगतात. म्हणजे आमचा शोध संपलाच ना?
– राखेवर बसलेली

आधी खात्री करा की खरंच जळालं होतं का, आणि जळालं तर काय काय जळालं. 'सगळं जळालं' हे उत्तर खिडकीवरचा माणूस उठायचा कंटाळा आला की पण देतो.

आयर्लंडचं उदाहरण घ्या. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस यादवी युद्धात उडालं आणि कित्येक शतकांचे कागद गेले, १८२१ ते १८५१ च्या जनगणना बहुतेक सगळ्या त्यातच. लोक अजून म्हणतात की १८६१ ते १८९१ च्या पण त्याच आगीत गेल्या. तसं नाहीये, त्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या, काही तर पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी. म्हणजे दोष आगीला आणि काम कारकुनाचं. आणि गंमत अशी की शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, त्या ऑफिसातल्या हरवलेल्या कागदांच्या नकला इतर संग्रहांमधून गोळा करून त्याचं डिजिटल रूप लोकांसाठी खुलं केलं. कारण सरकारी कागद एकटा नसतो, त्याची नक्कल वरच्या ऑफिसात जाते, कोर्टात लागते, वकिलाच्या कपाटात पडून राहते.

अमेरिकेत सेंट लुईसला १९७३ च्या जुलैत सैनिकांच्या फायली ठेवायच्या इमारतीला आग लागली, १.६ ते १.८ कोटी फायली गेल्या. तिथले लोक आजही पगाराच्या नोंदी, हॉस्पिटलच्या नोंदी असं जुळवून माणसाची सेवा सिद्ध करून देतात. तुम्हीपण तेच करा. जन्माची नोंद जळाली असेल तर जन्म दुसऱ्या कुठल्या कागदात उमटला असेल? शाळा, वारसाची केस, विमा, कर्ज, भावाभावातलं भांडण! भांडण करणारी घरं वंशावळवाल्यांना देवासारखी, कोर्टात सगळी नातीगोती शपथेवर लिहिलेली सापडतात.

डीएनए टेस्ट केली तर खापरपणजोबांचं नाव कळेल का?
– शॉर्टकट हवाय

नाव नाही कळणार. टेस्ट केलेल्या दुसऱ्या कुणाशी तुमचं नातं साधारण किती जवळचं एवढंच कळतं, नाव त्या दुसऱ्याच्या कागदांतून शोधावं लागतं. आणि अंतर वाढलं की धागा झपाट्यानं बारीक होतो. सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांचा सरासरी १२.५ टक्के डीएनए सारखा असतो, पणजोबा-पणजी समान असलेल्यांचा साधारण ३ टक्के, खापरपणजोबा समान असलेल्यांचा १ टक्क्याच्याही खाली, आणि त्यातल्या दहातल्या एका जोडीचा तर टेस्टमध्ये काहीच जुळत नाही. अजून एक पिढी मागं गेलात तर निम्म्या जोड्या जुळतच नाहीत. म्हणजे जुळलं नाही म्हणून नातं नाही असं म्हणता येत नाही, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची टेस्ट आधी करा, त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा एक-दोन पिढ्यांचा जास्त मजकूर आहे. पिढ्यानपिढ्या एकमेकांतच लग्नं झालेल्या घरांत आकडे फुगतात, लांबचा माणूस जवळचा दिसतो, तिथं अजून सांभाळून.

वरच्या 'सहा वर्षंवाल्यां'ना मात्र वाय क्रोमोझोमची टेस्ट कामाला येऊ शकते, तो बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो. त्या दोन माणसांचे मुलाच्या मुलाकडून आलेले वंशज आज असतील तर तिघांची टेस्ट करून बघा. पण ते दोघं एकमेकांचे चुलतभाऊ निघाले तर दोघांशीही जुळेल आणि तुम्ही परत तिथेच.

आणि टेस्टच्या आधी घरात विचारा, सगळ्यांना विचारा. वडील वेगळे निघाले, मावशी सख्खी नाही निघाली, असं होतं, आणि ते कळून घ्यायची तयारी सगळ्यांची नसते.

आजीच्या आईचं माहेरचं नावच कुठं नाही. सगळीकडे 'अमक्याची बायको'. काय करू?
– पणजीची पणती

हे दुखणं सगळ्यांत जुनं. कन्फ्यूशियसच्या घराण्याची वंशावळ जगातली सगळ्यात लांब समजतात, ऐंशीच्या वर पिढ्या, आणि त्यात बायकांची नावं पहिल्यांदा घेतली ती २००९ च्या आवृत्तीत. आपलं काय सांगायचं.

बाईला तिच्या कागदात शोधू नका, तिच्या भावात शोधा. मुलांच्या मामाचं नाव कुठं येतं? लग्नात, कर्जाला जामीन राहिलेल्यात, बाळंतपण कुठं झालं त्या गावात. पहिलं मूल बऱ्याचदा आईच्या माहेरी जन्मतं, तेव्हा थोरल्याची जन्मनोंद नवऱ्याच्या गावात नसेल तर खूश व्हा, ती जिथं असेल तिथंच बहुतेक माहेर. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला 'पणजीचं आडनाव काय होतं' असं विचारू नका, ती 'आठवत नाही' म्हणून मोकळी होईल. 'ती सुट्टीत कुणाकडं जायची' असं विचारा.

आमचं आडनाव न्यूयॉर्कला उतरल्यावर एलिस आयलंडच्या (बाहेरून आलेल्यांची तपासणी व्हायची ते बेट) अधिकाऱ्यानं बदललं असं चुलत आजोबा सांगायचे, त्यामुळं पुढं काही सापडत नाही.
– बदललेलं आडनाव

नाही हो, तिथले अधिकारी नाव लिहीतच नव्हते, जहाज निघतानाच बनवलेल्या प्रवाशांच्या यादीशी पडताळत होते. नाव बहुतेक तिथं उतरलेल्या तुमच्या पूर्वजानं स्वतःच नंतर बदललं असणार. नंतरच्या कागदांत शोधा, कोर्ट, नागरिकत्व, नोकरी.

ताई, कधी थांबायचं?
– दमलेला

माझ्याकडे एक वही आहे, तिच्यात सापडलेलं नाही तर न सापडलेलं लिहिते. कुठल्या ऑफिसात, कुठलं रजिस्टर, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कुठल्या कुठल्या स्पेलिंगनं, तारीख. कारण दोन वर्षांनी आपणच परत त्याच रजिस्टरला जाऊन बसतो, मी एकच रजिस्टर तीनदा पालथं घातलंय, तिसऱ्यांदा समासात माझीच पेन्सिलची टिकली दिसली (लिहायची नसते, हो, माहितीये). ज्या माणसाच्या पानावर बघण्यासारखं काही उरलं नाही आणि त्याच्या भावंडांच्या, शेजाऱ्यांच्या पानावरही नाही, तिथं थांबते. आईच्या आजोबांच्या वडिलांच्या जागी माझ्या वेलीत पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आहे, खाली वहीचा पान नंबर, ४१ ते ४६. पुढचा जो कुणी बघेल त्यानं ४७ पासून सुरू करावं.